गरीजवळची हातभर दोरी

खाडीत जिताड्यासाठी गरवायला बसलेल्या माणसाची दोरी जेव्हा तुटते, तेव्हा ती बहुधा गरीजवळच्या हातभर लांबीतच तुटते. जिताड्याचा कानशीसारखा खरखरीत जबडा, त्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची धारदार कड आणि खडकाला चिकटलेली कालवे या सगळ्यांशी दोरीची गाठ तिथेच पडते. म्हणूनच मुख्य दोरी आणि गरी यांच्यामध्ये वेगळ्या धाग्याचा एक तुकडा जोडतात; त्याला लीडर म्हणतात.

मुख्य दोरी रिळावर भरपूर मावावी आणि लांबवर फेकली जावी, एवढीच अपेक्षा असते. पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी ही अपेक्षा उत्तम पुरी करते, शिवाय ती जवळजवळ ताणली जात नसल्यामुळे माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी बोटांना कळते. मात्र ती अपारदर्शक असते, पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगते आणि कालवांवर घासली की तिचे बारीक तंतू एकेक करून तुटत जातात.

लीडरसाठी मग नायलॉनचा तंगूस घ्यावा की फ्लुओरोकार्बन या वेगळ्या प्लास्टिकचा? फ्लुओरोकार्बन पाण्यात दिसत नाही, असे विक्रेते सांगतात. पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) 1.33, फ्लुओरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा साधारण 1.53 आहे. हा फरक जितका कमी, तितका धाग्याच्या पृष्ठभागावरून कमी प्रकाश परततो. समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब केला, तर नायलॉनवरून फ्लुओरोकार्बनच्या चौपटीहून अधिक प्रकाश परावर्तित होतो. धागा अदृश्य होत नाही, फक्त कमी चमकतो, आणि पावसाळ्यातल्या गढूळ खाडीत तर या गुणाला फारसा अर्थच उरत नाही. माझ्या मते फ्लुओरोकार्बनचे खरे मोल त्याच्या कठीणपणात आणि पाणी न शोषण्यात आहे. नायलॉन पाणी शोषून मऊ पडते व त्याची ताकद काहीशी घटते. फ्लुओरोकार्बन तासन्‌तास भिजूनही तसेच राहते. त्याची घनता सुमारे 1.78, तर नायलॉनची 1.14, त्यामुळे ते लवकर बुडते. आमिष पृष्ठभागावर खेळवायचे असेल, तर मात्र हेच वजन नडते आणि तिथे स्वस्त नायलॉनच सरस ठरते.

सुरमईपुढे हे दोन्ही धागे हरतात. तिचे चपटे, त्रिकोणी दात कात्रीसारखे चालतात, म्हणून तिच्यासाठी पोलादी तारेचाच लीडर लावावा.

फ्लुओरोकार्बनची गाठ कोरडी आवळली, तर घर्षणाच्या उष्णतेने धागा तिथेच दुबळा होतो. ती आधी थुंकीने ओली करावी आणि सावकाश ओढावी. प्रत्येक मासा काढल्यावर गरीपासून वरपर्यंत लीडर अंगठ्याच्या नखाखालून सरकवून पाहावा. नख कुठे किंचितही अडखळले, तर तेवढा भाग कापून गरी पुन्हा बांधावी आणि कापलेला तुकडा खिशात ठेवावा, कारण खाडीत पडलेला तो धागा वर्षानुवर्षे कुजत नाही.