हात वर, नट खाली

विश्रामबागेत आतेभावाची वास्तुशांत होती. जेवणं उरकली, सुपारी फिरत होती, तेवढ्यात एका पाहुण्यांनी पिशवीतून तांब्याचा छोटा पिरॅमिड काढला. घरातली निगेटिव्ह एनर्जी ओढून घेतो म्हणे. माझा चेहरा बघून त्यांनी मोबाइलच पुढे केला. "शास्त्रज्ञांनीच मान्य केलंय की आता! निगेटिव्ह मटेरियल असतंय. अमेरिकेत तयारसुद्धा केलंय."

पंचाईत अशी की बातमी खरी होती. २०१७ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका गटाने रुबिडियम या धातूचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ थंड केले आणि लेसर वापरून त्यांची अशी अवस्था केली, की एकीकडे ढकलावं तर त्यांनी दुसरीकडे वेग घ्यावा. झालं, 'उणे वस्तुमान सापडलं' असे मथळे जगभर छापून आले. तेच अणू तराजूत टाकता आले असते तर वजन नेहमीसारखंच भरलं असतं. उणा होता तो त्यांचा धक्क्याला दिलेला प्रतिसाद.

म्हणजे नेमकं काय? यासाठी लेसर लागत नाही, चार रबरबँड पुरतात.

रबरबँड एकात एक अडकवून साखळी करा आणि खाली एक जाडजूड लोखंडी नट बांधा. वजनाने साखळी चारेक बोटं ताणली जाईल एवढा नट हवा. आता वरचं टोक धरून हात सावकाश वर-खाली करा. नट मुकाट्याने हाताबरोबर वर-खाली होईल. वेग वाढवत न्या. सेकंदाला साधारण दोन हेलकावे होऊ लागले की नट एकदम पिसाळतो, हात बोटभर हलला तरी तो वीतभर उडतो. हा अनुनाद. मिरजेच्या सतारीत मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा न छेडता गुणगुणतात, तोच हा प्रकार. इथवर शाळेत शिकलेलं असतं आणि बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे. हात आणखी थोडा जलद हलवा. नट काही क्षण गोंधळ घालेल आणि मग शिस्तीत उलटा चालू लागेल: हात वर तर नट खाली, हात खाली तर नट वर. झोपाळ्याला चुकीच्या वेळी धक्के देत राहिल्यासारखं होतं. नटाला रबराचा निरोप पोचेपर्यंत हात परत फिरलेला असतो.

आता हा नट एका बंद डब्यात स्प्रिंगला टांगा आणि डबा अनोळखी माणसाच्या हातात द्या. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. तो डबा हलवतो, किती जोर लागला आणि किती प्रवेग मिळाला ते मोजतो आणि न्यूटनच्या नियमाने भागाकार करून वस्तुमान काढतो. समजा डबा १०० ग्रॅमचा, नट ५० ग्रॅमचा आणि नटाची स्वतःची लय सेकंदाला २ हेलकाव्यांची. नटाचं भासमान वस्तुमान काढायला ५० ला २ च्या वर्गाने गुणायचं आणि २ चा वर्ग वजा हलवण्याच्या लयीचा वर्ग, याने भागायचं. सेकंदाला १ हेलकावा दिला तर २०० भागिले ३, म्हणजे सुमारे ६७. डब्यासकट १६७ ग्रॅम. खऱ्या वजनापेक्षा थोडं जडच. पण लय २.२ केली की भाजक ४ वजा ४.८४, म्हणजे उणे ०.८४. नट भासतो उणे २३८ ग्रॅमचा, आणि अख्खा डबा उणे १३८ ग्रॅमचा! डबा वरच्या दिशेने वेग घेत असतो, तेव्हा त्या बिचाऱ्याला तो खाली दाबून धरावा लागतो. लय २.४५ च्या पुढे गेली की बेरीज पुन्हा अधिक होते. उणेपणा तेवढ्या अरुंद फटीतच राहतो. (आकडेमोडीत हरवला असाल तर हा परिच्छेद सोडा, पण रबरबँड सोडू नका.)

हाँगकाँगच्या संशोधकांनी २००० साली असे डबे भिंतीत भरले. एक सेंटिमीटरच्या शिशाच्या गोळ्या, त्यावर सिलिकॉन रबराचा थर, आणि सगळ्या गोळ्या इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत बसवलेल्या. सुमारे ४०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी हवेत पाऊण मीटरहून जास्त असते, तरी दोन सेंटिमीटर जाडीच्या थराने तो अडवला. हवा ढकलते एकीकडे, भिंत वागते उलट, लाट आत शिरतच नाही.

प्रकाशाच्या बाबतीत नटाची जागा इलेक्ट्रॉन घेतो. धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनला बांधणारा रबर जवळजवळ नसतोच, त्याची स्वतःची लय शून्य. म्हणून दिसणाऱ्या प्रकाशाची कुठलीही लय त्याला 'फार जलद'च वाटते आणि तो विद्युत क्षेत्राच्या जोराला कायम उलटा हलतो. चांदी चकाकते ती यामुळेच. विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर जाऊन पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळतात. निगेटिव्ह मटेरियल म्हणायचं तर ते सराफ कट्ट्यावर तोळ्याने विकलं जातं.

विद्युत प्रतिसाद एकटा उणा असला तर प्रकाश परततो. चुंबकीय प्रतिसादही उणा केला तर? व्हिक्टर व्हेसेलागो यांनी १९६७ साली गणित मांडलं: प्रकाश आत शिरेल, पण नेहमीच्या उलट बाजूला वळेल. असा पदार्थ निसर्गात सापडेना. १९९९ मध्ये जॉन पेंड्री यांनी चिरा पाडलेल्या तांब्याच्या छोट्या कड्यांची युक्ती सुचवली, आणि २००१ मध्ये सॅन डिएगोच्या प्रयोगशाळेत मायक्रोवेव्ह लहरी खरोखर उलट्या वळल्या. कड्यात वीज हेलकावे खाते, तीही आपल्या नटासारखीच.

तराजूतही उणं भरेल असं वस्तुमान मात्र अजून कागदावरच आहे. हर्मन बाँडी यांनी १९५७ मध्ये दाखवलं, की असा उणा गोळा आणि साधा गोळा शेजारी ठेवले तर उणा साध्याच्या मागे लागेल, साधा पुढे पळत राहील आणि दोघांचा वेग इंधनाशिवाय वाढत जाईल. प्रतिद्रव्याकडे, म्हणजे नेहमीच्या कणांच्या उलट विद्युतभाराच्या जुळ्यांपासून बनलेल्या द्रव्याकडे, काहींचा डोळा होता, पण २०२३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनही निमूटपणे खालीच पडला.

आणि 'ऋण' हे तर पुष्कळदा नुसतं नाव असतं. विजेला धन-ऋण ही नावं देणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने खुणा उलट्या ठेवल्या असत्या तर आज प्रोटॉन ऋण म्हटला गेला असता. तरी 'निगेटिव्ह आयन' देणारी लॉकेटं चांगली म्हणून खपतात आणि 'निगेटिव्ह एनर्जी' वाईट म्हणून पिरॅमिड खपतात! अशा लॉकेट-कड्यांपैकी काहींत किरणोत्सारी खनिज असतं. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने अशा १० वस्तू वापरू नका म्हणून इशारा दिला होता.

हे सगळं मी पाहुण्यांना सांगितलं नाही. भाच्याकडून रबरबँड मागवले. नव्या घरात नट सापडेना, म्हणून पिरॅमिडच बांधला. पहिल्या खेपेला भिंतीवर आपटला. दुसऱ्या खेपेला लय सापडली आणि पाहुण्यांचा हात वर गेला की पिरॅमिड खाली येऊ लागला. "थांबा," ते म्हणाले, "परत एकदा करू द्या."