कोठीपोटातली भट्टी

मे महिन्यातली दुपार, रावेर तालुक्यातला एक पत्र्याचा गोठा. बाहेर पारा ४४ च्या पुढे. दावणीला दोन गायी: एक गीर, दुसरी होल्स्टीन संकरित. आपल्याकडे अशा संकरित गायीला सरसकट ‘जर्शी’ म्हणतात, रक्त कुठलंही असो. घड्याळ समोर धरून दोघींच्या कुशी मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजलं. गीर मिनिटाला चाळीसेक श्वास घेत निवांत रवंथ करत होती. जर्शी नव्वदीला पोचलेली, जीभ बाहेर, गव्हाणीतल्या कुट्टीला तोंडही लावलेलं नाही. श्वास साठीच्या पुढे गेले की गायीला उष्णतेचा ताण आहे असं समजायचं. “तिले ऊन सोसत नही,” गोठ्याचे मालक आप्पा म्हणाले.

खरं तर ऊन तिच्या पोटातही असतं. कोठीपोट म्हणजे गायीच्या पोटाचा पहिला कप्पा, शंभर लिटरहून मोठी आंबवणीची टाकी. तिथले सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून उष्णता निघते. जास्त दूध हवं तर खाणं जास्त, खाणं जास्त तर भट्टी जास्त पेटलेली. युरोपच्या थंडीत ही ऊब कामाची, पण भुसावळच्या मेमध्ये ती टाकायची कुठे? मग गाय खाणंच कमी करते आणि दूध आटतं. गीरला सैल कातडी, गळ्याखाली लोंबती पोळी आणि सढळ घामग्रंथी असतात. म्हशीला घामग्रंथी कमी, रंग काळा, म्हणून ती डबकं शोधते.

याच भट्टीचा धूर म्हणजे मिथेन. एक गाय ढेकरांतून दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन सोडते आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक. डेन्मार्कमध्ये २०३० पासून जनावरांच्या या उत्सर्जनावर कर लागणार आहे. ढेकरावर कर! पारावर सांगितलं तर हशा पिकेल.

पण त्यामागचा हिशेब हसण्यासारखा नाही. भाड्याचं दुकान असलं की विक्री होवो न होवो, भाडं द्यावंच लागतं. तसंच गाय आधी स्वतःला जगवायला खाते, वरचं उरतं त्याचं दूध होतं. चार लिटरवालीचं ‘भाडं’ चारच लिटरवर पडतं, तीस लिटरवालीचं तीसवर, म्हणून तिच्या दर लिटरमागे मिथेनही कमी. अमेरिकेत १९४४ साली सुमारे अडीच कोटी दुभत्या गायी होत्या, २००७ मध्ये ९२ लाख, आणि दूध मात्र दीडपटीहून जास्त. श्रीमंत देशांचा रस्ता हा: जनावरं कमी, प्रत्येकी दूध जास्त, शिवाय खाद्यात मिथेन रोखणारी भुकटी. युरोपात २०२२ मध्ये मान्यता मिळालेली एक भुकटी मिथेन साधारण ३० टक्क्यांनी घटवते. ती रोजच्या खाद्यात मिसळावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याला चरून येणाऱ्या गुरांना ती कोण आणि कशी चारणार?

तीस लिटरची गाय आणून बांधली की झालं, हा सल्ला मला तरी पटत नाही. आधी चारा बघावा. डोक्याच्या वर जाणारी दादर ज्वारी मागे पडली, तिचा कडबाही गेला. कपाशीने सरकीची ढेप दिली, जळगावच्या डाळ मिलांनी चुनी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा, दिली. जगभरात गुरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाच्या खाण्याजोगं नसतंच, आणि आपल्याकडे तर ते डोळ्यांना दिसतं. केळीचा घड कापला की उरलेलं खोड बांधावर पडतं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणून नुसतं घालून भागत नाही. कुट्टी करून कोरड्या चाऱ्यात मिसळावं लागतं. शंभर किलो काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला आणि एकवीस दिवस हवाबंद ठेवला तर काड मऊ आणि पचायला सोपं होतं. (प्रमाण चुकलं तर विष. डॉक्टरांना विचारूनच.) मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, त्याहून सोपा.

 

तिसऱ्या प्रहरी आप्पांनी पश्चिमेकडे ओली गोणपाटं टांगली आणि पंखा लावला. तासाभरात जर्शीचे श्वास सत्तरवर आले. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, ते उडताना गारवा देतं. श्रावणात हीच युक्ती फसते, कारण हवा आधीच ओली असते. कुट्टी तशीच पडून होती. रात्री अकराच्या सुमाराला वारा सुटला, तेव्हा कुठे तिने गव्हाणीत तोंड घातलं.