एका बटणाचे विमान

१९५०च्या सुमारास हौशी लोक जी रेडिओ-नियंत्रित विमाने उडवत, त्यांतल्या बहुतेकांच्या ट्रान्समीटरवर एकच बटण असे. इंजिनाचा वेग कमी-जास्त करायची सोय नाही, नाक वर-खाली करायची नाही. बटण दाबले की शेपटीवरचे सुकाणू एका बाजूला पूर्ण वळे, सोडले की सरळ होई. अधलेमधले काही नाही. एवढ्यावर ही विमाने माळावर घिरट्या घालून, इंधन संपल्यावर तरंगत येऊन जवळपास उतरत. याचे श्रेय रेडिओला कमी आणि विमानाच्या बांधणीला जास्त जाते. तोल विमान स्वतः सांभाळे, रेडिओ फक्त दिशा सुचवे. कोल्हापुरात जुन्या मॉडेलांचा छंदगट उभा करायचा असेल तर ही गोष्ट पहिल्या दिवशी सर्वांना समजलेली असावी, कारण डागडुजीतल्या बहुतेक चुका ती विसरल्याने होतात.

आधी वळण्याचे पाहू. या विमानांना पंखावर एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी हलती फळी, नसतात. पंख मधोमध खाली आणि टोकांकडे वर उचललेले असतात, प्रत्येक बाजूला साधारण ५ ते ७ अंश. सुकाणू उजवीकडे गेले की नाक उजवीकडे वळते, पण विमान क्षणभर जुन्याच दिशेने सरकत राहते. त्यामुळे वारा डावीकडून तिरका येतो. वर उचललेल्या डाव्या पंखाला तो जास्त कोनात भेटतो, डाव्या पंखाची उचल वाढते आणि विमान उजवीकडे कलते. पंख सपाट केले की सुकाणू नुसते नाक हलवते, विमान धड कलत नाही. पंख मोडल्यावर दुरुस्तीत मधला जोड जरा सपाट बसला तर विमान का वळत नाही, हे कोडे इथे सुटते.

नाक वर-खाली होण्याचा बंदोबस्त पंख आणि आडव्या शेपटीच्या कोनांतल्या फरकात आहे. पंख शेपटीपेक्षा २-३ अंश जास्त उचललेला असतो. वेग वाढला की नाक आपोआप वर येते, वेग घटला की खाली जाते. बटण तीन-चार सेकंद दाबून धरले तर मात्र कल वाढत जातो, नाक पडते आणि विमान फिरक्या घेत खाली येऊ लागते. तेव्हा बटण सोडायचे. साठलेला वेग नाक वर खेचतो. पुरेसा वेग असेल तर विमान अख्खी कोलांटी मारते, आणि त्या काळी कोलांटी मारायची रीतही हीच होती.

अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ‘गफ’ नावाचे विमान रेडिओवर उडवले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९३८ साली रेथिऑन कंपनीने आरके-६१ ही वायुभरित व्हॉल्व्ह (काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) खास मॉडेल विमानातल्या रेडिओ रिसीव्हरसाठी बाजारात आणली. सिग्नल आला की तिच्यातला मिलिअँपिअरभर प्रवाह घटे आणि नाजूक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, सुटे. एका व्हॉल्व्हवर सगळा रिसीव्हर चाले, पण तिचे आयुष्य मोजक्या तासांचे.

रिलेपुढचा भाग म्हणजे एस्केपमेंट. जुन्या यंत्रणेतला हा सर्वांत देखणा तुकडा. धडाच्या आत लांबवर ताणलेले, पीळ दिलेले रबर एका छोट्या दांडीला फिरवू पाहते. दांडीच्या आड विद्युतचुंबकाची जीभ येते. बटण दाबले की चुंबक जीभ ओढतो, दांडी पाव फेरा फिरून पुढच्या खाचेत अडकते आणि सुकाणू उजवीकडे जाते. सोडले की आणखी पाव फेरा, सुकाणू सरळ. पुन्हा दाबले की डावीकडे. मागचे वळण कोणते होते हे उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचे. नंतरच्या कंपाउंड एस्केपमेंटमध्ये एकदा दाबून धरले की उजवे, दोनदा दाबून धरले की डावे, अशी ठरलेली खूण आली. प्रत्येक हुकमाला अर्धा फेरा रबर खर्च होते. पीळ संपला की हुकूमही संपले, म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी पीळ नव्याने भरायचा. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात रबर चिकट होऊन तुटते. एरंडेलाचा हलका हात फिरवलेले आणि गार जागी, अंधारात ठेवलेले रबर जास्त टिकते.

हे सगळे आज जसेच्या तसे वापरावे का? संग्रहात ठेवायला हो, उडवायला नाही. २७ मेगाहर्ट्झचा २६.९५७ ते २७.२८३ हा पट्टा भारतात ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे, पण जुना सुपर-रिजनरेटिव्ह रिसीव्हर पट्ट्यातला कुठलाही सिग्नल ओढून घेतो, म्हणून माळावर एका वेळी एकच विमान. सोपा मार्ग म्हणजे जुना डबा आणि बटण तेच ठेवून आत आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा संगणक) आणि २.४ गिगाहर्ट्झचे मोड्यूल बसवणे. बटणाच्या दाबांवरून आर्डुइनो कंपाउंड एस्केपमेंटचीच खूण ओळखतो आणि विमानातल्या साध्या सर्व्होला (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरला) उजवे, डावे, सरळ अशा तीनच जागा देतो. उडवण्याची गंमत तीच राहते, विमान दुसऱ्याच्या सिग्नलवर पळून जात नाही.

१९६०-७०च्या काळातले प्रपोर्शनल, म्हणजे दांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू हलवणारे, संच मिळाले तर आधी बॅटरी काढावी. गळलेल्या निकेल-कॅडमियम सेलमुळे ऋण तार आतून काळी पडते, वरून धडधाकट दिसते आणि भार पडताच दगा देते. ती तार स्विचपर्यंत पूर्ण बदलावी, नुसता टोकाचा तुकडा कापून भागत नाही. काही जुन्या सर्व्होंना चार तारा असतात. चौथी तार बॅटरीच्या मध्यातून २.४ व्होल्ट घेते, तिथे आजचा रिसीव्हर थेट जोडू नये.

बांधणीला बाल्सा हे हलके लाकूड, वर टिश्यू पेपर किंवा रेशीम. टिश्यू चिकटवून पाण्याचा फवारा मारला की सुकताना ताणला जातो. मग निम्म्याला निम्मे थिनर घातलेल्या डोपचे, म्हणजे टिश्यू घट्ट करणाऱ्या लाखेचे, तीन हात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात डोप लावू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि पांढरट साय धरते. डोप सुकेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून रात्रभर ठेवावा, नाहीतर पिळवटतो. मागून एका डोळ्याने पाहिल्यावर दोन्ही टोकांची मागची कड २-३ मिलिमीटर सारखीच वर असेल तर उत्तम. एकाच बाजूला पीळ असेल तर किटलीच्या वाफेवर धरून उलट्या दिशेने जरा जास्तच पिळावा आणि गार होईपर्यंत सोडू नये. एकाच बटणाच्या विमानात हा पीळ ट्रिमने (उडताना सुकाणूची मधली जागा किंचित सरकवून) झाकता येत नाही.

इंजिन वर्षानुवर्षे पडून असेल तर आतल्या एरंडेलाचा डिंक होऊन ते जाम होते. जोर लावून फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो. हेअर ड्रायरने चांगले तापवावे, मेथॅनॉलमध्ये भिजवावे, पुन्हा तापवावे. घाई करू नये. बुश, प्रोपेलरचा नट, मफलरचा अडॅप्टर असल्या वस्तू शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागातल्या लेथवर नमुना दाखवून करून घेता येतात, हे कोल्हापूरचे मोठे भाग्य. पिस्टन-लायनरचे लॅपिंग, म्हणजे घासून तंतोतंत बसवणे, मात्र सवयीच्या हातालाच द्यावे. ग्लो प्लगच्या इंजिनाला साधारण ८० टक्के मेथॅनॉल आणि २० टक्के एरंडेल पुरते. प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मेथॅनॉलची उत्प्रेरकी क्रिया होत राहते, म्हणून सुरू झाल्यावर बॅटरी काढली तरी तार लालच राहते. मेथॅनॉल विषारी आहे, त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही आणि ते बाळगण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. नव्या सभासदांना विजेची मोटर द्यावी.

पण मोटर बेताची. ‘ज्युनिअर ६०’ हे १९४६ सालचे ब्रिटिश डिझाइन, ६० इंची पंखाचे. असे दीड किलोचे विमान १५० ते २०० वॉटमध्ये छान चढते. ५०० वॉटची मोटर लावली की पंख-शेपटीच्या कोनांचा फरक नाक इतके वर नेतो की विमान उलटे होते, आणि नाक दाबायला एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलती फळी) नाही. मोटरचा रोख २-३ अंश खाली आणि १-२ अंश उजवीकडे असावा. माउंटचे बोल्ट ३० मिलिमीटर अंतरावर असतील तर वरच्या दोन बोल्टांमागे १ मिलिमीटरचा वॉशर म्हणजे जवळजवळ २ अंश खाली. आधी मोटर बंद ठेवून उंच गवतावर हातफेक करावी. नाक उचलून धपकन पडत असेल तर पंखाच्या मागच्या कडेखाली १ मिलिमीटर पट्टी घालावी, सुरीसारखे खाली जात असेल तर पुढच्या कडेखाली. एका वेळी एकच बदल.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. एप्रिलच्या ३५ अंशांच्या दुपारी इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ होते आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखाची उचल तुटते तो वेग, ७ टक्क्यांनी वाढतो. १५ अंशांच्या सकाळी ही घट निम्म्यावर येते. शिवाय दुपारचे उष्ण झोत हलके विमान वर उचलून वाऱ्याबरोबर नेतात. म्हणून सकाळी नऊच्या आत उडवावे.

जागा ठरवताना उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात घ्यावा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचे नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत चालते. सरकारी डिजिटल स्काय नकाशा आधी पाहावा.

दुसरी अडचण उसाची. तोडणी होईपर्यंत माळाच्या कडेला दोन पुरुष उंचीचे फड उभे असतात आणि आत पडलेले विमान चार हातांवरून दिसत नाही. पडताना दिसताच उडवणाऱ्याने जागचे हलू नये. दुसऱ्याने पन्नास पावले बाजूला उभे राहून स्वतःची रेघ धरावी. दोघांनी पलीकडचे झाड किंवा विजेचा खांब हेरून ठेवला की जिथे दोन्ही रेघा छेदतात तिथे विमान असते. आत एकानेच जावे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, आणि बाहेरच्याने हाक देत दिशा सांगावी. विमानात तीन-चार ग्रॅमचा बझर असेल तर काम आणखी सोपे. फडात शिरण्याआधी शेतमालकाला विचारावे.