दिव्याच्या वायरीची गाठ

छतापासून लोंबणाऱ्या दिव्याच्या होल्डरमध्ये वायरीच्या दोन पदरांची एक छोटीशी गाठ मारतात. दिव्याचा भार या गाठीवर तोलला जातो, त्यामुळे स्क्रूखाली आवळलेली तांब्याची टोके ताणली जाऊन निसटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांच्या असंख्य पर्यवेक्षकांसमोर ही गाठ मारून दाखवली गेली. मात्र त्यामागचा हेतू वीजजोडणी शिकवण्याचा नव्हता. दुसऱ्याला काम शिकवणे म्हणजे नेमके काय, हे त्यांना उमगावे यासाठी ती निवडली होती.

या उपक्रमाचे नाव ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’. तो १९४० साली सुरू झाला. अनुभवी कामगार सैन्यात भरती होत होते आणि त्यांच्या जागी यंत्राला कधी हातही न लावलेली माणसे, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, येत होती. पर्यवेक्षकांसाठी आखलेला ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ हा वर्ग दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा होता. प्रशिक्षक एकाला पुढे बोलावून गाठ केवळ तोंडी समजावून सांगे. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्यासमोर एक अक्षरही न बोलता ती करून दाखवी. त्यालाही जमत नसे. त्यानंतर ठरावीक चार पायऱ्यांनी शिकवल्यावर मात्र गाठ बसे. माणसाची तयारी करून घेणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर पाठपुरावा करणे, अशा त्या पायऱ्या होत. त्यांचा मूळ आराखडा चार्ल्स अॅलन यांनी पहिल्या महायुद्धात जहाजबांधणी कामगारांच्या प्रशिक्षणाच्या वेळी वापरला होता. १९४५ पर्यंत या उपक्रमाच्या निरनिराळ्या वर्गांतून साडेसतरा लाखांच्या आसपास लोक बाहेर पडले.

त्या काळी ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’, म्हणजे प्रशिक्षणाची आखणी करणारा, हे पद नव्हते, पण आज ही मंडळी जे काम करतात त्याचा गाभा त्या वर्गातल्या एका साध्या कागदावर दिसतो. कागदाचे दोन रकाने असत: डावीकडे कामाचे टप्पे, उजवीकडे कळीचे मुद्दे. ‘पदर सोडवा’ या टप्प्यासमोर ‘सहा इंच’. ‘उजवा फास करा’ यासमोर ‘टोक मुख्य वायरीच्या पुढून’. डाव्या फासासमोर ‘स्वतःकडे ओढून, उजव्या टोकाखालून, मुख्य वायरीच्या मागून’. ज्यामुळे काम साधते किंवा बिघडते, ज्याने इजा होऊ शकते किंवा ज्याने काम सोपे होते, तेवढेच उजव्या रकान्यात लिहायचे. बाकीचे कितीही खरे असले तरी गाळायचे.

हा उजवा रकाना भरणे हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण त्यातली माहिती ज्याच्याकडे असते त्यालाच ती सांगता येत नाही. वीस वर्षे वायरिंग करणाऱ्याची बोटे टोक ‘पुढून’ नेतात, पण त्याला विचारले तर तो “मग असे वळवायचे” एवढेच म्हणेल. काम अंगवळणी पडले की त्यातले बारीकसारीक निर्णय जाणिवेच्या बाहेर जातात. पुण्यात ई-लर्निंगची मॉड्यूल्स तयार करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि तिथे या जाणकाराला सरसकट ‘एसएमई’ (सब्जेक्ट मॅटर एक्स्पर्ट, म्हणजे विषयतज्ज्ञ) म्हणतात. एसएमईकडून येते ती बहुधा ऐंशी स्लाइडांची पीपीटी. तीत यंत्राचा इतिहास असतो, सुट्या भागांची नावे असतात, फक्त नवा माणूस हमखास कुठे चुकतो ते नसते. म्हणून चांगला डिझायनर “हे समजावून सांगा” असे म्हणत नाही. तो शेजारी उभा राहून काम पाहतो आणि अडवून विचारतो, “आत्ता तुम्ही थांबलात, ते काय ऐकून?”

गाळण्याचा आग्रह हा केवळ नीटनेटकेपणाचा हट्ट नव्हे. मन एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी धरून ठेवू शकते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सातच्या आसपास मांडली आणि नंतरच्या संशोधनाने ती चारच्या जवळ आणली. जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात यावरूनच बोधभाराचा सिद्धान्त उभा केला. शिकणाऱ्याची ही तुटपुंजी जागा अनावश्यक माहितीने भरली, तर मूळ कामासाठी काही उरत नाही. पडद्यावर दिसणारा मजकूर निवेदकाने शब्दशः वाचून दाखवणे हा त्यातलाच एक प्रकार आहे. पुढच्या स्लाइडवर नेणारे बटण आवाज संपेपर्यंत गोठवून ठेवणारी मॉड्यूल्स ज्यांनी दुसऱ्या खिडकीत मेल वाचत पूर्ण केली असतील, त्यांना याचा निराळा पुरावा देण्याची गरज नाही.

त्या चार पायऱ्यांतली तिसरी, म्हणजे करवून घेणे, वेळेअभावी सर्वांत आधी कापली जाते. वास्तविक शिकणे बरेचसे तिथेच घडते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४२ टक्के भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वर्ग संपताच घेतलेली परीक्षा कशी फसवी असते, हे यातून दिसते. युद्धकाळातल्या त्या वर्गात शिकणाऱ्याला आधी गप्प राहून काम करायला लावत, मग पुन्हा करताना प्रत्येक कळीचा मुद्दा त्याच्या तोंडून वदवून घेत.

कधी कधी डिझायनरला आलेले काम परतही करावे लागते. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली सुचवलेली कसोटी कठोर आहे: जिवावर बेतले तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल, तर उणीव कौशल्याची नाही. समजा, गोदामातून चुकीचे सुटे भाग रवाना होतात म्हणून प्रशिक्षण मागवले गेले आणि जाऊन पाहिले तर दोन भागांच्या सांकेतिक क्रमांकांत केवळ शेवटच्या अंकाचा फरक आहे. अशा ठिकाणी दोन रंगांच्या चिठ्ठ्या दोन दिवसांच्या वर्गाहून अधिक उपयोगी पडतील.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाची चार अंगे मांडली: प्रतिसाद, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. पहिल्याला वर्गाच्या दारात भरून घेतलेला अभिप्रायाचा कागद पुरतो. तिसऱ्यासाठी काही आठवड्यांनी कामाच्या जागी जावे लागते, होल्डर उघडावा लागतो आणि टोक पुढून गेले आहे की मागून, ते पाहावे लागते.