ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलणार असाल तर – आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, मग गिअरबॉक्सचं का नको?" असं हल्ली बरेच ग्राहक विचारतात. बदलता येतं. पाना आणि जॅक हाताळायची सवय असेल, सुट्टीचा अख्खा दिवस हाताशी असेल, तर आम्ही कुणाला अडवत नाही. फक्त एक फरक लक्षात घ्या. इंजिनात अर्धा कप ऑइल कमी-जास्त झालं तर बहुतेक वेळा निभावून जातं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ते निभावत नाही, कारण तिथे ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच धरतात आणि सुटतात, त्याच्यातूनच इंजिनाची ताकद चाकांकडे जाते.

तुमच्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे?

क्लचचं पेडल नाही म्हणजे सगळे गिअरबॉक्स एकसारखे, असं नाही. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आला. तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्रणा करते. त्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल) नसतं, मॅन्युअलचंच गिअर ऑइल असतं. क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं असतं, त्याला घरी हात लावू नका. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या कोरड्या क्लचच्या ७ गिअरच्या डीएसजीमध्येही (दोन क्लचचा गिअरबॉक्स) गिअरचं ऑइल वेगळं आणि मेकाट्रॉनिकचं, म्हणजे क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं, वेगळं. ती गाडीही घरी उघडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

होंडा सिटीसारख्या गाड्यांत सीव्हीटी असतो. त्यात स्टीलचा पट्टा दोन पुलींमध्ये निव्वळ पकडीवर चालतो आणि ती पकड टिकावी म्हणूनच त्याचं ऑइल वेगळं बनवलेलं असतं. त्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि खर्च थेट गिअरबॉक्स बदलण्यापर्यंत जातो.

उरला टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) नेहमीचा ऑटोमॅटिक, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा, ६ गिअरची क्रेटा वगैरे. पुढची माहिती मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

ऑइल कोणतं, हे गाडीच्या पुस्तकातच बघा. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४, होंडाच्या सीव्हीटीचं एचसीएफ-२ ही नावं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लाल रंग बघून ऑइल ओळखायला जाऊ नका, तो नुसता रंग मिसळलेला असतो. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेले कॅन आम्ही ठेवत नाही. सीलबंद कॅन घ्या, पक्कं बिल घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या.

"हे ऑइल आयुष्यभर चालतं" म्हणे!

अनेक गाड्यांच्या बाबतीत हे सांगितलं जातं. आम्हाला ते पटत नाही. झेडएफ या जर्मन कंपनीचे ८ गिअरचे ऑटोमॅटिक जगभरच्या महागड्या गाड्यांत बसतात. तीच कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर ८ वर्षांनी ऑइल बदला असं सांगते. ऑइल उष्णतेने म्हातारं होतं. आंबा घाट किंवा फोंडा घाट भरलेल्या गाडीने चढणं, मे महिन्यात एसी लावून शहराच्या गर्दीत तासभर सरपटणं, हे सगळं जड वापरात मोडतं. जड वापरासाठी पुस्तकात वेगळा, लवकरचा आकडा दिलेला असेल तर आपल्याकडे तोच धरावा.

प्रत्यक्ष काम

गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली आणि चार पक्क्या घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकलेली हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. पुढे इंजिन चालू करावं लागणार आहे, म्हणून बंद पार्किंगमध्ये हे काम करू नका. धुराने जीव जाऊ शकतो.

आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा ड्रेन बोल्ट. हा क्रम पाळाच. भरायचा बोल्ट गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून ऑइल काढून मोकळे झालेले असाल, तर गाडी घोडीवरच अडकते. वरचा बोल्ट हलत नसेल तर तिथेच थांबा.

ऑइल कोमट असताना काढा. कडक तापलेलं ऑइल हात भाजतं. जे निघेल ते खुणा असलेल्या भांड्यात मोजा आणि आकडा लिहून ठेवा. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) खोलून फिल्टर बदलणार असाल तर गॅस्केट नवीन घ्या. आत पुसायला तंतू सुटणारं कापड किंवा कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचा एक धागाही व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब क्लचकडे वळवणारा भाग) अडकू शकतो. ड्रेन बोल्टला नवा वायसर लावा आणि टॉर्क रेंचने पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, जोर जास्त झाला तर आटे जातात.

एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा ४० टक्के निघालं. एकदा बदलल्यावर आत ४० टक्के नवं, काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदलल्यावर ६४, तिसऱ्यांदा ७८. जुन्या, आजवर कधीच ऑइल न बदललेल्या गाडीला आम्ही हाच सावकाश मार्ग सुचवतो. अशा गाडीत मशीनने दाब देऊन आतली घाण एकदम हलवणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

लेव्हल: इथेच बहुतेकांचं चुकतं

जेवढं निघालं तेवढंच भरा, ही सुरुवात. पण काढलेलं ऑइल गरम आणि भरलेलं थंड असेल तर तेवढ्यानेही माप चुकतं. ऑइल तापलं की फुगतं. साडेतीन लिटरमध्ये ५० अंशांच्या फरकाने साधारण सव्वाशे मिलिलिटर वाढ होते. म्हणून काढलेलं ऑइल आणि नवा कॅन दोन्ही रात्रभर एकाच जागी ठेवा आणि सकाळी मोजून भरा. तोवर इंजिन सुरू करू नका आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी लावून ठेवा.

भरल्यावर इंजिन चालू करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा. मग लेव्हल बघा. काही गाड्यांना डिपस्टिक असते, ती गरम गाडीत बघायची की थंड, इंजिन चालू ठेवून की बंद करून, हे कंपनीगणिक बदलतं. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते, खाली लेव्हल बोल्ट असतो. डब्ल्यूएस ऑइल साधारण ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून तो उघडायचा. धार बारीक होऊन थेंब थेंब पडायला लागले की बंद करायचा. काहीच आलं नाही तर वरून थोडं भरा. ऑइल किती अंशांवर आहे ते कळायला गिअरबॉक्सचं तापमान वाचणारा स्कॅनर लागतो. तो नसेल तर एवढ्यासाठी गाडी आमच्याकडे आणा. अंदाजाने बोल्ट बंद करू नका.

ऑइल जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस होतो. कमी झालं तर चढावर, वळणावर पंप हवा ओढतो. दोन्हींत दाब पडतो आणि क्लच घसरून जळतात.

निघालेलं ऑइल काय सांगतं

लगेच फेकू नका. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून बघा. गडद तपकिरी रंग हे वयाचं लक्षण. जळकट वास आला तर क्लच जळलेत असं समजा, नुसतं ऑइल बदलून ते बरे होणार नाहीत. चेंबरमधल्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप असतोच, तो पुसून घ्या. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे दिसले तर गाडी न चालवता आम्हाला कळवा.

ऑइल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. एक तर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटला, नाही तर पुराचं पाणी शिरलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गिअरबॉक्सला श्वासनळी (हवा आत-बाहेर जायची नळी) असते, पाणी तिच्यातून शिरतं. अशी गाडी चालू करून बघू नका, न्यूट्रलमध्ये ढकलून बाहेर काढा, चाकं उचलून किंवा फ्लॅटबेडवर आणा. पाणी लागलेल्या क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो, म्हणून जितक्या लवकर गाडी येईल तितकं वाचवता येतं.

जुनं ऑइल

२०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं. ते गटारात ओतलं की पंचगंगेत जातं. रिकाम्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून आमच्याकडे आणून द्या, ऑइल कुठूनही घेतलेलं असलं तरी चालेल. आम्ही ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच देतो. त्यात पेट्रोल, ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळू नका आणि कॅनवर गाडीचं मॉडेल, किलोमीटर आणि निघालेलं माप लिहा. पुढच्या वेळी तुमची गाडी आली की ते आकडे आमच्या वहीत असतील.