इमारतींचे निष्कार्बनीकरण

घरे, कचेऱ्या, दुकाने, रुग्णालये यांच्या रोजच्या वापरातून होणारे कार्बन उत्सर्जन शून्याच्या जवळ नेण्याची प्रक्रिया. तिचे दोन मुख्य मार्ग आहेत. इमारतीला मुळात लागणारी ऊर्जा कमी करणे हा पहिला. त्याला ऊर्जा कार्यक्षमता म्हणतात. उरलेल्या गरजेसाठी गॅस, तेल किंवा लाकूड जाळण्याऐवजी वीज वापरणे, म्हणजेच विद्युतीकरण, हा दुसरा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार ऊर्जेमुळे होणाऱ्या जागतिक उत्सर्जनातील सुमारे २६ टक्के वाटा इमारतींच्या वापराचा आहे. त्यातले ८ टक्के इमारतीतच इंधन जाळल्यामुळे होते. उरलेले १८ टक्के इमारतीला वीज आणि उष्णता पुरवणाऱ्या केंद्रांत होते. बांधकामातील सिमेंट आणि पोलादाचे उत्सर्जन यात धरलेले नाही.

थंड देशांत हा प्रश्न प्रामुख्याने घर उबदार ठेवण्याचा आहे. जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९०-९१ मध्ये पहिले ‘पॅसिव्हहाउस’ उभे राहिले. जाड उष्णतारोधक थर, तीन काचांच्या खिडक्या आणि फटी नसलेले बांधकाम यांमुळे अशा घराला उबेसाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटांपेक्षा (किलोवॅट-तासांपेक्षा) जास्त ऊर्जा लागू नये, असा पुढे दंडक झाला. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये २००९ पासून मोठे नूतनीकरण झाले. तिथल्या ६,५१४ खिडक्या काढून इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत नव्याने बांधल्या गेल्या. खिडक्या सुधारल्यामुळे थंडाव्याची गरज घटली आणि जुनी शीतयंत्रे बदलून मोठी आणण्याऐवजी आहे तीच दुरुस्त करून भागले. म्हणूनच आधी कार्यक्षमता आणि मग यंत्रे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. गरज घटवण्याआधी यंत्र बसवले तर ते नको इतके मोठे घ्यावे लागते.

विद्युतीकरणाचे थंड प्रदेशातील मुख्य साधन उष्णता पंप हे आहे. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उचलून आत आणतो. त्यामुळे एक युनिट विजेत तीन ते चार युनिट उष्णता मिळते. नॉर्वेमध्ये जवळजवळ सगळी वीज जलविद्युत असल्याने तिथे हा बदल लगेच फळाला आला. २०२० पासून त्या देशात इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळण्यास बंदी आहे.

भारतात मात्र हिशेब वेगळा आहे, आणि तो नीट मांडल्याशिवाय युरोपातली धोरणे जशीच्या तशी उचलणे चुकीचे ठरेल. स्वयंपाकाचेच उदाहरण घ्या. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर केला तर ढोबळमानाने १३० ते १४० युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडमधली, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यातली, बरीचशी वीज आजही कोळशाची असल्याने दर युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होते, म्हणजे एकूण आकडा ९० ते १०० किलोंवर जातो. गॅसच्या दुपटीहून जास्त. ग्रिडचे उत्सर्जन युनिटमागे ०.३ किलोच्या आसपास उतरेल तेव्हा दोन्ही बरोबरीत येतील. इंडक्शन वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ज्या घरात चूल पेटते तिथे धूर जाणे हाच मोठा लाभ आहे, आणि दुपारी गच्चीवरच्या सौर विजेवर शिजणाऱ्या भाताला हा हिशेब लागू होत नाही. पण ग्रिड स्वच्छ करणे आणि स्वयंपाकघर विजेवर आणणे ही कामे जोडीनेच चालायला हवीत.

पाणी तापवण्याच्या बाबतीत फायदा आजच आहे. १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साध्या गीझरला सव्वादोन ते अडीच युनिट लागतात, उष्णता पंपाला एका युनिटहून कमी. गच्चीवरचा सोलर बंब तर उन्हाळ्या-हिवाळ्यात जवळजवळ फुकटच काम करतो. पावसाळ्यात त्याला विजेच्या कॉइलची जोड लागते. पुणे महापालिका असा बंब बसवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते.

आपल्याकडचा खरा भार थंडाव्याचा आहे आणि त्याचे मूळ भिंतीत व छतात आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही : मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो आणि पंखा गरम हवाच फिरवतो. गच्चीवर पांढरा चायना मोझेक किंवा परावर्तक रंग हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत ‘मिवान’ पद्धतीने, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती उभ्या करतात. काम झपाट्याने होते, पण अशी भिंत हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा साधारण चौपट उष्णता आत येऊ देते. तिला उष्णतारोधक थर किंवा खिडक्यांना पुरेसे छज्जे नसतील, तर रहिवाशाला एसी लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हेच काम विजेविना करीत.

व्यापारी इमारतींसाठी भारतात २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ ची. तिच्यानुसार थंड पट्टा वगळता इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या आत असली पाहिजे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने १०० किलोवॅट किंवा अधिक जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांचा एकूण वीजभार) असलेल्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धन कायद्याची नियुक्त संस्था म्हणून ‘महाऊर्जा’ काम पाहते.

उपकरणांत भारताची कामगिरी अभिमान वाटावा अशी आहे. २०१५ च्या उजाला योजनेने एलईडी बल्ब खेडोपाडी पोहोचवले. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास; रोज दहा तास, वर्षातले ३०० दिवस चालला तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात. एसीसाठी सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम २०२० पासून आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

एसीतील शीतकाकडे, म्हणजे थंडावा देण्यासाठी आत फिरणाऱ्या वायूकडे, मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. आर-३२ या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. घर बदलताना घाईने एसी काढला आणि एक किलो वायू हवेत सोडला, तर सुमारे साडेनऊशे युनिट वीज जाळल्याइतके नुकसान होते. म्हणून वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करण्याची, म्हणजेच ‘पंप डाउन’ची, सवय असलेला कारागीर महत्त्वाचा. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हा तापमानवाढीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी पर्याय आहे. मात्र तो ज्वलनशील असल्याने प्रशिक्षणाशिवाय हाताळता येत नाही.

सर्वांत मोठा अडथळा तंत्राचा नाही, खर्च कोणी करायचा याचा आहे. भिंत बिल्डर निवडतो आणि बिल रहिवासी भरतो. भाड्याच्या घरात मालकाला चांगला पंखा लावण्यात रस नसतो. जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत मंजूर भार इतका तोकडा असतो की इंडक्शन शेगडीसाठी आधी वायरिंग बदलून मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागतो. मुंबईत पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींत हे सारे आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवता येते, आणि बिल्डरशी करार करताना चटई क्षेत्र व कॉर्पस निधीबरोबर भिंतीचा प्रकार, छताचा थर आणि दर सदनिकेचा वीजभार हेही सभासदांनी लेखी मागायला हवे.