जुन्या सेडानचा टर्बो आणि जाड गॅस्केटचा वाद

जुन्या पेट्रोल सेडानला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) लावताना हेडखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, जाड गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) घालावी की नाही, हा गॅरेजांतला वाद आहे. नाशिकमध्ये ‘टर्बो’ हा शब्द मुळात डिझेलवाल्यांचा. नव्वदच्या दशकात उत्सर्जनाचे नियम आले, त्यांच्या पाठोपाठ ट्रकना टर्बो आले आणि मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या गॅरेजांना नवे काम मिळाले. लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून निघालेली गाडी काळा धूर सोडू लागली, चढाला जोर धरेना, की टर्बो उतरवायचा, शाफ्टचा खेळ बोटाने हलवून पाहायचा, कोअर (आतला फिरता भाग) बदलायचा. ज्या शहरात डिझेलचे नोझल बनवणाऱ्या कारखान्याचे नाव एका मोठ्या चौकालाच पडले, त्या मायको सर्कलच्या गावात हे काम रुजायला वेळ लागला नाही. २००२ मध्ये इथेच बनलेली स्कॉर्पिओ १०९ अश्वशक्तीचे टर्बो डिझेल घेऊन रस्त्यावर आली आणि टर्बो ही फक्त ट्रकची गोष्ट राहिली नाही. ओझरच्या विमान कारखान्याशी हा धागा जोडण्याचा मोह अनेकांना होतो. पण ती दुनिया बंद फाटकामागची. गॅरेजात टर्बो आला तो ट्रकमधून.

पेट्रोलचा इतिहास जुना आहे, तो इथवर तुकड्यातुकड्यांनी पोहोचला. एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबण्याचे पेटंट एका स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले, आणि पेट्रोल टर्बोची मोटार शोरूममध्ये यायला १९६२ उजाडले. आपल्याकडे २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस (१.८ लिटर, १५० अश्वशक्ती) आणि २०१० ची लिनिया टी-जेट यांनी पेट्रोल टर्बोची चव दाखवली. ज्यांना ती परवडण्यासारखी नव्हती त्यांनी दारात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले: एस्टीम, १०६ अश्वशक्तीची जुनी सिटी व्हीटेक, लॅन्सर. आणि लोगन.

लोगनला नाशिककरांच्या मनात वेगळी जागा आहे. २००७ मध्ये आलेली ही सेडान इथल्याच कारखान्यात जुळत होती. २०११ पासून तीच व्हेरिटो झाली. पेट्रोल १.४ लिटर, आठ व्हॉल्व्ह, ७५ अश्वशक्ती. डिक्की प्रचंड, सस्पेन्शन दणकट, इंजिन साधे. बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागा, जी टर्बोच्या कामात अश्वशक्तीइतकीच मोलाची. शिवाय तिच्या १.५ डिझेल बहिणीला कारखान्यातूनच एक छोटा टर्बो बसून येत होता. तोच काढून पेट्रोलला लावावा हा विचार कुणाच्याही डोक्यात येईल, आणि आला.

अडचण अशी की डिझेलचा टर्बो डिझेलसाठी घडवलेला असतो. डिझेल एक्झॉस्टचे तापमान भर लोडवर साधारण ७००–७५० अंशांच्या घरात राहते. पेट्रोल इंजिन बूस्टखाली (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाखाली) ९५० अंशांपर्यंत सहज जाते. म्हणून पेट्रोलच्या टर्बोचे टर्बाइन हाउसिंग (बाहेरचे कवच) जास्त निकेलच्या ओतिवाचे किंवा स्टीलचे असते. डिझेलच्या हाउसिंगला त्या उष्णतेत तडे जातात, कधी सहा महिन्यांत, कधी दोन वर्षांत. टर्बो दुरुस्त करणाऱ्यांचा यात दोष नव्हता. त्यांनी आयुष्यभर जे टर्बो हाताळले ते असे तापतच नव्हते.

मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनपासून टर्बोपर्यंतच्या एक्झॉस्ट पाइपांच्या, बाबतीत मात्र शहराची बाजू भक्कम होती. सातपूर-अंबडमध्ये प्रेशर पाइपचे जाड बेंड मिळतात, लेथ आहेत, आणि वायनऱ्या, औषध कारखाने, अन्नप्रक्रिया यांच्यासाठी ३०४ स्टीलच्या टाक्या जोडणारे आर्गन वेल्डर आहेत. हेडचा फ्लँज, टर्बोचा फ्लँज, मधले चार पाइप: हे काम इथे उत्तम होत आले आहे. ऑइलची लाइन प्रेशर स्विचच्या जागी तीन तोंडांचा जोड (टी) टाकून घ्यायची आणि परतीचा पाइप सरळ उताराने, संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडायचा. परतीच्या पाइपला वळसा पडला की तेल टर्बोतच तुंबते, सील ओलांडते आणि निळा धूर येतो.

खरा वाद हेडखाली आहे: कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, उतरवायचे की नाही?

टर्बो लावायचा तर कॉम्प्रेशन कमी करा, नाहीतर इंजिन नॉक करून (मिश्रण अवेळी आपोआप पेटून) पिस्टन फोडेल, हा सल्ला जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. १९६२ च्या त्या अमेरिकी गाडीने, जेटफायरने, उलट वाट धरली होती: कॉम्प्रेशन १०.२५ ठेवले आणि नॉकिंग रोखायला पाणी-मिथेनॉलचे मिश्रण इंजिनात फवारले. लोक बाटली भरायला विसरत, आणि अनेक गाड्यांचे टर्बो पुढे काढून टाकले गेले. त्यानंतरच्या पिढीने धडा घेतला. १९७३ च्या जर्मन ‘बीएमडब्ल्यू २००२ टर्बो’ या गाडीचे कॉम्प्रेशन ६.९, सत्तरीच्या शेवटच्या स्वीडिश ‘साब ९९ टर्बो’चे ७.२. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नॉक सेन्सर आला, इंजिन स्वतःचा ठोका ऐकून बूस्ट उतरवू लागले आणि कॉम्प्रेशन पुन्हा वर चढले. लिनिया टी-जेटचे ९.८ आहे, म्हणजे बिनटर्बोच्या लोगनपेक्षा जास्त.

गॅरेजांत मात्र सत्तरीतलाच सल्ला टिकला, आणि त्याची सर्वात स्वस्त आवृत्ती म्हणजे जाड गॅस्केट. हेड उतरवायचे, मूळ गॅस्केटच्या जागी जाड गॅस्केट टाकायची किंवा तांब्याचा पत्रा कापून दोन गॅस्केटच्या मध्ये घालायचा. तांब्याचा पत्रा नाशिकला परका नाही, हे शहर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीच ओळखले जाते. हिशेबही सोपा. लोगनच्या १.४ चा बोअर ७९.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७०. मूळ कॉम्प्रेशन ९.५ धरले तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ४१ घन सेंटिमीटर. एक मिलिमीटर जाडी वाढवली की त्यात जवळपास ५ ची भर पडते आणि कॉम्प्रेशन ८.६ वर येते. कागदावर काम झाले.

कागदावरच. पिस्टनच्या माथ्याची सपाट कड आणि हेडची सपाट कड यांच्यामध्ये शेवटच्या क्षणी जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. तिथून मिश्रण पिळून मध्याकडे फेकले जाते, घुसळते, म्हणून ज्वाला झपाट्याने पसरते आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच मिळत नाही. गॅस्केट जाड केली की हीच फट दुप्पट होते. घुसळण मंदावते, ज्वाला रेंगाळते. ज्या नॉकिंगला घाबरून गॅस्केट घातली, त्याचीच दुसरी वाट उघडून ठेवली जाते. हेड वर उचलले गेल्याने टायमिंग बेल्टवरचा कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा मागे पडतो. नुसता तांब्याचा पत्रा पाणी आणि तेल नीट अडवत नाही, सीलंट लावावा लागतो आणि तो उन्हाळ्यात सुटतो. आणि बूस्ट येईपर्यंत गाडी मेल्यासारखी चालते. सारडा सर्कलच्या सिग्नलवरून निघताना टर्बो लावलेली गाडी बिनटर्बोच्या गाडीमागे राहते, हे पाहवत नाही.

जाड गॅस्केटवाल्यांची बाजूही नोंदवली पाहिजे. त्यांचे शिक्षण झाले ते ११८एनई आणि कॉन्टेसा या जुन्या गाड्यांच्या काळात. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंपावर ८७ ऑक्टेनचे पेट्रोल (ऑक्टेन जितके जास्त, तितके नॉकिंग कमी). बूस्ट वाढताना ठिणगी उशिरा पाडण्याचे काही साधनच नव्हते. हेडखालची जाडी हाच एक बचाव होता. पण २०१० च्या आसपास वेगळा ईसीयू (इंधन आणि ठिणगी ठरवणारा संगणक) मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्यात आला, दाब मोजणारा मोठ्या पल्ल्याचा मॅप सेन्सर आला, पंपावरचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे झाले. तेव्हापासून मूळ गॅस्केट, ०.४–०.५ बारचा माफक बूस्ट, मोठे इंजेक्टर, चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि सावध इग्निशन हा मार्ग जुन्या सेडानसाठी स्पष्टपणे चांगला ठरला आहे. एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या हवेला छोट्या टर्बोने अर्धा बार दाबले की ती शंभर अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते; इंटरकूलरवर खर्च केलेला रुपया गॅस्केटवरच्या रुपयापेक्षा जास्त नॉकिंग वाचवतो.

नाशिकची उंचीही या हिशेबात येते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. बूस्टचा काटा भोवतालच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, त्यामुळे काट्यावरचा अर्धा बार इथे एकूण १.४४ बार असतो आणि ठाण्यात १.५१. वेस्टगेटची (बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेची) स्प्रिंग काट्याचीच भाषा बोलते. इथे मॅप केलेली (ईसीयूत इंधन-ठिणगीचा तक्ता बसवलेली) गाडी कसारा उतरून खाली गेली की इंजिन अशा दाबाला पोहोचते, जिथे मॅप करताना कुणी चाचणीच घेतलेली नसते. गाडी नाशिकमध्ये ठीक होती, मुंबईत पिस्टन गेला, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

कायद्याने हा सगळा उद्योग रस्त्यासाठी जवळजवळ बंदच केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पूर्वी आरटीओच्या परवानगीने बदलाला वाव देत होते. २००० च्या दुरुस्तीनंतर, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. इंधन बदलणाऱ्या किटला मात्र सवलत आहे. जानेवारी २०१९ मध्ये देशातल्या सर्वात वरच्या कोर्टाने हाच अर्थ पक्का केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली. टर्बोने घनक्षमता बदलत नाही, इंजिन नंबर बदलत नाही, मग तो ‘बदल’ कसा, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण नोंदणी अर्जात अश्वशक्तीचाही रकाना आहे, आणि विमा कंपनीला न कळवलेला टर्बो अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. खासगी जागेत किंवा बंद ट्रॅकवर चालणारी गाडी हा एकच निर्धोक मार्ग उरतो. शिवाय २००७–०८ च्या लोगनची पंधरा वर्षे भरली आहेत. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाले, तपासणी वेगळी.

अगदी अलीकडचा फेरा इंधनाचा. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि दोन वर्षांत तेच सर्वत्र झाले. त्याचे ऑक्टेन ९५, शिवाय इथेनॉल बाष्प होताना हवा थंड करते. जाड गॅस्केटचे उरलेसुरले कारणही त्याने काढून घेतले. पण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागते. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ती भरपाई करतो, पूर्ण थ्रॉटलला बहुतेक जुने ईसीयू त्याचे ऐकत नाहीत. २०१२ मध्ये जवळपास निव्वळ पेट्रोलवर केलेला मॅप आज बूस्टखाली सुमारे सात टक्के कोरडा (हवेच्या मानाने इंधन कमी) चालतो. जुन्या सेडानचे रबरी इंधनपाइप इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. ते कडक होऊन भेगाळतात, आणि टर्बोच्या गाडीत ते तापलेल्या मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर असतात. आता अशी गाडी कामाला आली की आधी पाइप बदलले जातात, मग मॅप नव्याने होतो. हेडला हात लागत नाही.